नाक आणि सायनसच्या आजारामुळे डोळा पुढे येणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळा पुढे आला की माणूस आधी डोळ्यांच्या दवाखान्यात जातो, आणि ते बरोबरच आहे. पण खूपदा मूळ दुखणं नाकात असतं. मग ड्रॉप बदलत राहतात, आठवडे निघून जातात आणि नाकात दुर्बीण घालून कुणी पाहतच नाही. मराठवाड्यातल्या रुग्णांना आणि नातेवाइकांना नेहमी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. बाकी काही वाचायला वेळ नसेल तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं वाचा.

सर्दी नाकात असते, मग डोळा का पुढे येतो?

डोळा हाडाच्या खोबणीत बसलेला असतो आणि त्या खोबणीच्या भोवती सायनस, म्हणजे हाडातल्या हवेच्या पोकळ्या, असतात. वर कपाळातला फ्रॉन्टल, खाली गालातला मॅक्सिलरी, नाकाच्या बाजूला इथमॉइड आणि पार मागे दृष्टीच्या नसेला लागून स्फेनॉइड. इथमॉइड आणि डोळा यांच्यामधलं हाड अर्धा मिलिमीटरही जाड नसतं. त्यातून बारीक रक्तवाहिन्या जातात. या भागातल्या शिरांना झडपा नसल्यामुळे रक्त आणि त्याबरोबर जंतू दोन्ही दिशांना वाहू शकतात.

खोबणीत एकूण जागा सुमारे ३० मिलिलिटर. त्यात डोळ्याचा गोळा सुमारे ७ मिलिलिटर, बाकी चरबी, स्नायू आणि नसा. बाजूनं पू, बुरशीचा गाळ किंवा गाठ आत शिरली की चारही बाजूंना हाड असल्यामुळे डोळ्याला सरकायला एकच वाट उरते, ती म्हणजे पुढची. पण तो नेहमी सरळच पुढे येतो असं नाही. कपाळाच्या सायनसची गाठ त्याला खाली आणि बाहेरच्या बाजूला ढकलते, गालाच्या सायनसची वर, इथमॉइडची कानाच्या दिशेनं. तज्ज्ञ डॉक्टरला नुसत्या दिशेवरून बराच अंदाज येतो, म्हणून ‘डोळा सुजलाय’ एवढंच न सांगता तो कुठे सरकलाय तेही सांगा.

किती घाई करायची? सकाळपर्यंत थांबलं तर चालेल?

डोळा किती दिवसांत पुढे आला यावर ते ठरतं.

काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत आला असेल, सोबत ताप असेल, डोळा फिरवताना दुखत असेल, दोन-दोन दिसत असेल किंवा नजर अंधूक झाली असेल, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच निघा. खोबणीत दाब वाढला की दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत नजर कायमची जाऊ शकते. हाच संसर्ग मागे मेंदूच्या शिरांपर्यंत गेला तर जीवावर बेततं. एका डोळ्यापासून सुरू झालेली सूज दुसऱ्या डोळ्यावर आली, पेशंट गुंगीत जाऊ लागला, डोकं फुटेल असं दुखू लागलं, उलट्या झाल्या, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यायची. १०८ ला फोन करा आणि फोनवरच सांगा की सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं आहे.

महिन्या-महिन्यांनी हळूहळू, न दुखता आला असेल तर आज रात्री धावायची गरज नाही, पण आठवड्याभरात दाखवा. ‘दुखत नाही ना, मग सुगी झाल्यावर बघू’ असं म्हणून अनेक जण थांबतात. कॅन्सरची गाठही सुरुवातीला दुखत नाही.

साखर वाढलेली असेल तर वेगाचा हा हिशेब धरू नका. मधुमेहाच्या रुग्णाच्या डोळ्याभोवती नवी सूज आली तर त्याच दिवशी दाखवायचं.

घरच्या घरी काय तपासता येईल?

पेशंटला खुर्चीवर बसवून मागे उभं राहा, त्याचं डोकं थोडं मागे झुकवा आणि कपाळावरून खाली बघा. पुढे आलेला डोळा भुवईच्या रेषेपलीकडे डोकावतो. आधार कार्डावरचा किंवा लग्नाच्या अल्बममधला जुना फोटो शेजारी धरा. डोळा कधीपासून पुढे यायला लागला हे पेशंटपेक्षा जुने फोटोच नेमकं सांगतात. दवाखान्यात ते मोबाईलमध्ये घेऊन जा.

मग एकेक डोळा हातानं झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचायला लावा. त्यानंतर कुंकवाच्या करंड्यासारखी लालभडक वस्तू आधी एका, मग दुसऱ्या डोळ्यानं बघायला सांगा. एका डोळ्याला तोच लाल रंग फिका किंवा विटकरी दिसत असेल तर दृष्टीच्या नसेवर दाब असण्याची शक्यता आहे. अक्षरं नीट वाचता येत असतानाही लाल रंग आधी फिका पडू शकतो, म्हणून ही चाचणी चुकवू नका. शेवटी डोकं न हलवता बोटाच्या मागे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगा.

डोळा किती पुढे आलाय हे दवाखान्यात मोजपट्टीनं मोजतात. दोन डोळ्यांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर कारण शोधावंच लागतं.

पावसाळ्यात गावात डोळ्यांची साथ असते. हे तेच नसेल कशावरून?

डोळे आले की ते चिकटतात, टोचतात, बहुधा दोन्ही डोळ्यांना होतं. पण बुबुळ सगळीकडे नीट फिरतं, नजर शाबूत असते आणि डोळा जागेवरच असतो. डोळा पुढे सरकला असेल किंवा फिरवताना अडखळत असेल तर ती साथ नव्हे. मेडिकलवरून ड्रॉप आणून वाट पाहू नका.

चार वर्षांच्या पोराचा डोळा रात्रीतून सुजून बंद झाला. आधी सर्दी होती.

इथमॉइड सायनस जन्मापासून असतात, कपाळाचे मात्र साधारण ६ ते ८ वर्षांच्या पुढे नीट तयार होतात. म्हणून लहान मुलांत हा त्रास बहुतेक वेळा इथमॉइडमधूनच येतो आणि झपाट्यानं वाढतो.

नुसती पापणी सुजली की डोळ्याच्या मागेही पसरलंय, हे आधी ठरवावं लागतं. पापणी हलक्या हातानं उघडून बघतात. डोळा पांढरा, फिरता आणि जागेवर असेल तर संसर्ग पुढच्या भागातच आहे. लाल, पुढे आलेला आणि अडकलेला असेल तर मूल भरती करावं लागतं. सूज इतकी की पापणी उघडतच नसेल, तर मागे पसरलंय असं धरूनच उपचार सुरू करतात.

भरती केल्यावर शिरेतून अँटिबायोटिक, नाकात सूज उतरवणारे थेंब आणि दर ४ ते ६ तासांनी नजरेची तपासणी असा क्रम असतो. रात्री नर्स मुलाला उठवून डोळ्यात टॉर्च मारते तेव्हा नातेवाईक चिडतात, ‘लेकराला झोपू द्या’ म्हणतात. ती तपासणी थांबवू नका. नजर उतरतेय हे वेळेवर कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

हाडाच्या पदराखाली पू साठला तरी प्रत्येक मुलाचं ऑपरेशन लागत नाही. मूल ९ वर्षांखालचं, पू थोडा आणि नाकाच्या बाजूला, नजर चांगली, एवढं जुळलं तर २४ ते ४८ तास औषधावर बघतात. नजर कमी झाली, पू वाढला किंवा या वेळात ताप आणि सूज हटली नाही तर तो काढावाच लागतो. सुधारणा झाली तरी अँटिबायोटिकचा एकूण कोर्स साधारण दोन ते तीन आठवड्यांचा असतो. घरी आल्यावर चौथ्या दिवशी पोरगं खेळायला लागतं आणि बाटली फडताळात राहते. असं अर्धवट सोडलं की आजार उलटतो.

डोळा न दुखता वर्षभर हळूहळू खाली सरकतोय. काय असू शकतं?

कपाळाच्या सायनसचं तोंड बंद होऊन आत चिकट द्रव साठत गेला की फुगा तयार होतो, त्याला म्युकोसील म्हणतात. जुना अपघात, आधीचं सायनसचं ऑपरेशन किंवा पॉलिप (नाकात वाढलेलं मऊ मांस) ही त्याची नेहमीची कारणं. हाड झिजवत तो खोबणीत उतरतो. भुवईखाली आतल्या कोपऱ्यात दाबल्यावर मऊ गोळा लागतो. मोटारसायकलवरून पडून कपाळाला मार लागल्याला दहा वर्षं झाली असली तरी ते डॉक्टरांना सांगा, संबंध असू शकतो. उपाय सोपा आहे : नाकातून दुर्बिणीनं फुग्याला मोठं तोंड करून देतात. मध्ये सर्दीनं त्यात पू झाला तर मात्र तेच दुखणं एका दिवसात तातडीचं होतं.

याशिवाय हाडाची साधी गाठ, बुरशी आणि ट्यूमर हीसुद्धा कारणं असतात.

‘नाकात मांस वाढलंय, त्यात बुरशी आहे’ असं सांगितलं. म्हणजे काळी बुरशी का?

बहुतेक वेळा नाही. इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात, म्हणून जरा सविस्तर.

नाकाच्या बुरशीचे तीन प्रकार डोळ्यापर्यंत पोचतात. पहिला अ‍ॅलर्जीचा. तो धडधाकट तरुणांत दिसतो. नाक वर्षानुवर्षं बंद, वास येत नाही, पॉलिप वाढलेले. सायनसमध्ये शेंगदाण्याच्या कुटाला तेल सुटावं तसा घट्ट, चिकट, तपकिरी-हिरवट गाळ साठतो. बुरशी शरीरात घुसत नाही. गाळ साठत जातो आणि हाडाला ढकलत राहतो. म्हणून डोळा पुढे येऊनही नजर बरेचदा शाबूत राहते. ऑपरेशननं सगळा गाळ काढणं आणि नंतर स्टिरॉइड हा इलाज. हा आजार उलटण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, वर्षानुवर्षं तपासणी लागते.

दुसरा अ‍ॅस्परजिलस बुरशीचा, हळूहळू आत शिरणारा. भारत, पाकिस्तान आणि सुदानमध्ये याचे रुग्ण जास्त आढळतात. साखर नसलेल्या, प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसालाही तो होतो. गाठ कडक असते आणि महिनोन्‌महिने वाढते. तुकडा तपासल्याशिवाय (बायोप्सी) ती कॅन्सरपासून वेगळी ओळखू येत नाही. ऑपरेशननंतर बुरशीविरोधी गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात आणि मधून मधून लिव्हरची रक्ततपासणी करावी लागते.

तिसरा म्युकर, म्हणजेच २०२१ मध्ये कोरोनानंतर घराघरांत माहीत झालेली काळी बुरशी. कोरोनाची ती लाट ओसरली, पण म्युकर अजूनही होतो आणि तो मुख्यतः साखर बेसुमार वाढलेल्यांनाच गाठतो.

म्युकर ओळखायचा कसा?

डोळा पुढे येण्याआधी बरेचदा खुणा दिसतात. एका बाजूचा गाल बधिर होतो, चेहरा ठणकतो, वरचे दात हलू लागतात, नाकातून काळपट खपली किंवा रक्तमिश्रित पाणी येतं, टाळूवर काळा डाग पडतो. मग पापणी खाली पडते, डोळा फिरेनासा होतो. आरशासमोर तोंड उघडून मोबाईलच्या टॉर्चनं टाळू बघायला अर्धा मिनिट लागतो. साखर असलेल्या माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू दुखत असेल तर तेवढं जरूर करा.

ही बुरशी रक्तवाहिन्यांमध्ये वाढते आणि त्या बंद करते. पुढचा भाग रक्ताविना मरतो, म्हणून तो काळा पडतो. रक्तच पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही, त्यामुळे नुसत्या इंजेक्शनवर हा आजार हटत नाही. मेलेला भाग कापून काढावाच लागतो, कधी कधी दोन-तीनदा. सोबत लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन, हे बुरशीविरोधी इंजेक्शन, नेहमीचा डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या ६ बाटल्या. हे औषध सलाइनमध्ये मिसळलं तर त्याचा गाळ बसतो, म्हणून ते डेक्स्ट्रोजमधूनच देतात. साखरेच्या पेशंटला ‘साखरेचं पाणी’ लावलं म्हणून नातेवाइकांनी घाबरून ते बंद करू नये, सोबत इन्सुलिन चालू असतं. किडनी आणि पोटॅशियमची तपासणी वारंवार होते. इंजेक्शननंतर पोसाकोनॅझोलच्या गोळ्या.

आणि या सगळ्यात पायाभूत गोष्ट एकच : साखर ताब्यात आणणं.

शेजारच्याला स्टिरॉइडच्या गोळीनं डोळा मागे गेला. आम्हीही तीच घेऊ का?

नाही. अ‍ॅलर्जीच्या बुरशीत स्टिरॉइड हेच औषध आहे. म्युकर आणि अ‍ॅस्परजिलसमध्ये तीच गोळी बुरशीला मोकळं रान देते आणि साखरही चढवते. थायरॉइडमध्येही तिनं डोळा मागे जातो, काही ट्यूमरही तात्पुरते आक्रसतात आणि खरं निदान महिनोन्‌महिने लांबतं. मळणीच्या धुळीनं शिंका येतात म्हणून किंवा दम लागतो म्हणून कुणी चिठ्ठीशिवाय ही गोळी आधीपासून देत असेल तर गोळीचं पाकीट दवाखान्यात दाखवा. लपवू नका, उपचार त्यावरून बदलतात.

थायरॉइडमुळेही डोळे बाहेर येतात ना?

हो. मोठ्या माणसांत डोळे पुढे येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण थायरॉइडच आहे, एकच डोळा पुढे आला असला तरी. म्हणून थायरॉइडची रक्ततपासणी सगळ्यांचीच करतात. वरची पापणी ओढली जाऊन बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसत असेल तर संशय तिकडे जास्त.

कॅन्सर असेल का?

प्रत्येक वेळी नाही, पण या खुणा हलक्यात घेऊ नका : एकाच बाजूचं नाक सतत बंद, त्यातून रक्तमिश्रित किंवा घाण वासाचा स्राव, गाल बधिर, वरची दाढ कारण नसताना हलणं, तोंड पूर्ण न उघडणं. घाण वास किडलेल्या दाढेमुळेही येतो, कारण वरच्या दाढांची मुळं गालाच्या सायनसला चिकटून असतात, म्हणून दातही दाखवा. नाकातून तुकडा घेतल्यानं कॅन्सर पसरतो ही समजूत चुकीची आहे. तुकड्याशिवाय पुढचा इलाज ठरतच नाही.

एक अपवाद मात्र आहे. १० ते २० वर्षांच्या मुलग्यांत नाकाच्या मागच्या भागात रक्तवाहिन्यांची गाठ होते, तिला अँजिओफायब्रोमा म्हणतात. ती कॅन्सर नाही, पण तुकडा घ्यायला गेलं तर रक्त थांबता थांबत नाही. आधी स्कॅन, मग निर्णय. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पोरांचा घोळणा फुटणं नेहमीचंच, म्हणून याकडे दुर्लक्ष होतं. एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा रक्त, थंडीतही, आणि तीच बाजू चोंदलेली असेल तर उन्हाला दोष देऊ नका.

कोणत्या तपासण्या लागतात?

नाकाची दुर्बिणीनं तपासणी, डोळ्यांच्या डॉक्टरकडून नजर, रंग आणि बाहुलीची तपासणी, आणि सीटी स्कॅन. सीटी ‘सायनस आणि ऑर्बिट’ (डोळ्याची खोबण) दोन्हीचा, बारीक थरांचा असावा. नुसत्या सायनसचा किंवा नुसत्या मेंदूचा काढला तर दुसऱ्यांदा पैसे जातात. साधा एक्स-रे इथे कामाचा नाही. बुरशी, ट्यूमर किंवा मेंदूपर्यंत पसरल्याची शंका असेल तर एमआरआय. स्कॅनसाठीच्या रंगद्रव्याच्या इंजेक्शनआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करतात. किडनीचा त्रास असेल किंवा मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

कान-नाक-घसा आणि नेत्र या दोन्ही विभागांनी पेशंट मिळून बघायला हवा. एकाच ठिकाणी दाखवलं असेल तर ‘दुसऱ्या विभागाचं मत घ्यायचं का?’ असं स्वतःहून विचारा.

ऑपरेशन डोळा कापून करतात का?

बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊन नाकातून, दुर्बिणीनं, बाहेर टाका न घालता. पू बाहेरच्या बाजूला असेल तर भुवईजवळ छोटा छेद लागतो. नाकात पॅक (रक्त थांबवायला भरलेली पट्टी) असेल तर तो साधारण २४ ते ४८ तासांत काढतात. पुढचे दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही. पातळ हाडातून हवा डोळ्याभोवती शिरते आणि डोळा क्षणात फुगतो. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. घागर, पोतं उचलणं आणि वाकून काम करणं बंद. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ऑपरेशनआधी सांगा, पण मनानं बंद करू नका.

दोन गोष्टी दिसल्या तर लगेच नर्सला बोलवा. पहिल्या काही तासांत डोळा टणक होऊन दुखू लागला आणि नजर मंदावली, तर आत रक्त साठतंय. पुढे वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाण्यासारखे थेंब टपकले, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.

नाक धुवायचं पाणी कसं करायचं? आमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं.

बोअर, टँकर, जार किंवा आरओ, पाणी कुठलंही असो, उकळल्याशिवाय नाकात घालू नका. न उकळलेल्या पाण्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. तसं क्वचित होतं, पण झालं तर वाचणं अवघड. उकळी फुटल्यावर किमान १ मिनिट खळखळ उकळू द्या आणि झाकून कोमट करा. १ लिटरला ५ मिलिलिटरच्या चमच्यानं दीड सपाट चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. एका नाकपुडीत १०० ते १२० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, तोंडानं श्वास घेत. उरलेलं २४ तासांनी टाकून द्या, बाटली रोज उकळत्या पाण्यानं धुवा. डोळा नुकताच सुजला असेल तेव्हा हा प्रयोग घरी करू नका. ही ऑपरेशननंतरची काळजी आहे.

दवाखान्यात पोचेपर्यंत काय करू नये?

डोळा दाबून आत ढकलू नका. शेकू नका, लेप लावू नका, डोळ्यात मध किंवा नाकात तूप सोडू नका. पापणी मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम होते. साधे कृत्रिम अश्रूंचे थेंब दर तासाला घाला, रात्री वंगणाचं मलम लावा आणि मोटारसायकलवर गॉगल घाला. आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्यात हे फारच महत्त्वाचं. नाक मोकळं करणारे थेंब ५ दिवसांपेक्षा जास्त वापरू नका, नाक उलट जास्त चोंदतं.

डोळा पुन्हा जागेवर जाईल का?

पू काढल्यावर काही दिवसांत, अ‍ॅलर्जीचा गाळ काढल्यावर काही आठवड्यांत ते महिन्यांत बहुतेक वेळा जातो. दोन-दोन दिसणं त्यानंतरही काही महिने टिकू शकतं. गेलेली नजर परत येईल की नाही, हे दाब किती वेळ होता यावर ठरतं.

जायचं कुठे, आणि खर्चाचं काय?

छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरी आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे हे दोन्ही विभाग आहेत. कॅन्सर निघाला तर संभाजीनगरला शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. किनवट, उदगीर किंवा आष्टीकडून निघताना तालुक्याच्या रुग्णालयात पहिलं अँटिबायोटिक शिरेतून घेऊन, त्याची वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि भरती होताच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, भेटा. डिस्चार्जच्या दिवशी भेटून उपयोग नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मुकादमाची उचल घेण्याआधी पुढच्या तपासणीच्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. कारखान्याच्या गावाजवळ कुठे तपासणी करता येईल तेही विचारावं. डिस्चार्ज कार्ड, तुकड्याचा रिपोर्ट आणि स्कॅनची नुसती फिल्म नव्हे तर सीडीसुद्धा बरोबर न्यावी. नव्या डॉक्टरला फिल्मवर काही निवडक थरच दिसतात, सीडीवर सगळे दिसतात.